आठवड्याचा पाराशा वाचून त्यातून स्वतःसाठी अर्थ कसा काढायचा: रविवार ते शनिवार, पायरीपायरीने

"पाराशा वाचला, पण मला त्यात माझं असं काही सापडलं नाही." आमच्या वाचनगटात हे वाक्य जवळजवळ दर आठवड्याला कानावर येतं. पाराशा म्हणजे तोराचा, आम्हा ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांचा, त्या आठवड्याला वाचायचा भाग. कसा वाचला म्हणून विचारलं, तर उत्तरही ठरलेलं. शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या घाईत, मोबाइलवर, पहिल्या दहा-बारा ओळी. मनाला भिडणारं वाक्य त्यात मिळालं नाही, म्हणून राहिलं.

काहींचं उलटं होतं. त्यांना वाक्य लगेच मिळतं, कारण ते त्यांच्या मनात आधीपासूनच असतं. नोकरी सोडायचा विचार चालू असेल, तर "नीघ" हा शब्द सापडतो. भावाशी बिनसलं असेल, तर भावाला मारणारा काइन सापडतो. असं वाचून माणूस जिथे होता तिथेच राहतो, फक्त आता तोरा आपल्या बाजूने आहे असं त्याला वाटायला लागतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. "यात माझ्यासाठी काय आहे?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो. तो पाचव्या दिवसाचा प्रश्न आहे. त्याआधी मजकुरात खडा लागावा लागतो. भात जेवताना दाताखाली खडा आला की घास थांबतो, तसं वाचताना जिथे थांबणं भाग पडतं, ती जागा म्हणजे खडा. हा शब्द इथे का? हा क्रम असा उलटा का? हा आकडा जुळत कसा नाही? अर्थ तिथून निघतो. खाली आठवडाभराचा क्रम दिला आहे. वार मागेपुढे झाले तरी चालतील, पण पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

१. या आठवड्याचा पाराशा कुठला, ते आधी नक्की करा

तोराचे एकूण ५४ पाराशे. सिम्हात तोरा या सणाला शेवटचा संपतो आणि त्याच दिवशी बेरेशीत या पहिल्या पाराशापासून पुन्हा सुरुवात होते. काही वर्षांत काही पाराशे जोडीने वाचले जातात, कारण हिब्रू वर्ष कधी बारा महिन्यांचं असतं, तर कधी तेरा. त्यामुळे "मागच्या वर्षी याच तारखेला अमुक होता" हा हिशेब उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण आपल्या, भारतातल्या ज्यू लोकांना हमखास येते. भारतात पेसाहचा सण आठ दिवसांचा, इस्राएलमध्ये सात दिवसांचा. आठवा दिवस शनिवारी आला, की इथे सणाचं वाचन होतं आणि तिकडे नेहमीचा पुढचा पाराशा. २०२२ साली २३ एप्रिलला नेमकं हेच झालं. तेव्हापासून इस्राएल एक आठवडा पुढे होतं. जुलैअखेर मात्तोत आणि मासे हे दोन पाराशे आपण एकत्र वाचले, तेव्हा दोन्हीकडचं वाचन बरोबरीला आलं. शावुओत सणाचा दुसरा दिवस शनिवारी आला तरी असाच फरक पडतो. माझा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला असतो आणि मी ठाण्यात. त्या तीन महिन्यांत आम्ही फोनवर वेगवेगळ्या पाराशांबद्दल बोलत होतो, आणि हे लक्षात यायला आम्हाला दोन आठवडे लागले.

*तपासा:* दिनदर्शिका किंवा हेबकॅलसारखं संकेतस्थळ वापरत असाल, तर तिथे "इस्राएल" निवडलं आहे की "इस्राएलबाहेर", ते एकदा बघून घ्या.

पाराशा कुठून कुठपर्यंत, तेही पक्कं करा. मराठी बायबलमध्ये पाच पुस्तकांची नावं उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. अध्याय आणि पाराशा यांच्या सीमा जुळतीलच असं नाही. नोआहचा पाराशा उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मध्येच, नवव्या ओवीला सुरू होतो. शिवाय काही ठिकाणी ओव्यांचे आकडेच वेगळे आहेत. वायिश्लाह हा पाराशा हिब्रूत उत्पत्ती ३२:४ ला सुरू होतो, तीच ओवी मराठी बायबलमध्ये ३२:३ आहे. त्साव हिब्रूत लेवीय ६:१ ला सुरू होतो, मराठीत ती जागा ६:८ वर सापडेल. आकडा पाहून पान उघडलंत, तर कधी एक ओवी चुकेल, कधी सात.

२. काय काय हाताशी ठेवायचं

हिब्रू मजकूर असलेली छापील तोरा. हिब्रू अडखळत वाचता येत असलं तरी पुरे, एकेक शब्द ओळखता आला म्हणजे झालं. सोबत एक मराठी भाषांतर आणि ताडून बघायला दुसरं कुठलंही, इंग्रजी असलं तरी चालेल. राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं भाष्य. सेफारिया या संकेतस्थळावर हिब्रू मूळ, राशी आणि इब्न एझ्रा, राम्बान हे दुसरे भाष्यकार, हे सगळं फुकट मिळतं. आणि एक वही.

भाषांतरात परिच्छेदांवर जे मथळे असतात, "अब्रामाला पाचारण" वगैरे, ते छापणाऱ्यांनी घातलेले आहेत. ते आधी वाचले, की पुढच्या मजकुराचा अर्थ कुणीतरी तुमच्या हातात आयता ठेवलेला असतो. मी कागदाची पट्टी ठेवून ते झाकतो.

*सावध:* शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, काटेकोर पाळणाऱ्या घरात शुक्रवारी सूर्यास्तानंतर लिहिणं नाही आणि मोबाइलही नाही. पडद्यावरून जे हवं असेल, ते शुक्रवार दुपारपर्यंत छापून किंवा उतरवून घ्या.

३. रविवार: अख्खा पाराशा एका बैठकीत, काहीही न शोधता

सगळा वाचायचा. वंशावळी, मोजमापं, बळींचे प्रकार, काही गाळायचं नाही. शक्यतो मोठ्याने, म्हणजे डोळे ओळींवरून घसरत नाहीत. लेख-लेखा हा पाराशा १२६ ओव्यांचा आहे, मराठीत अर्ध्या-पाऊण तासात होतो. नासो सगळ्यांत लांब, १७६ ओव्यांचा. त्या आठवड्यात दोन बैठका करा.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सुरुवात पाराशाच्या थोडं आधीपासून करा, आदल्या आठवड्याच्या शेवटच्या सहा-सात ओव्यांपासून. ही सवय किती उपयोगी पडते, ते पुढच्या पायरीत दिसेलच. दुसरी, पाराशाला कौल लावू नका. "ही जागा घेऊ का नको" असा प्रश्न मनात धरून वाचायला बसलात, तर प्रत्येक ओळीत हो किंवा नाही दिसायला लागतं.

जुनी शिस्त आहे ती श्नायिम मिक्रा वे-एखाद तार्गुम, म्हणजे मूळ दोनदा आणि अरामी भाषांतर एकदा, आठवडाभरात पुरं करायचं. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथाने तार्गुमच्या जागी राशी वाचायची मोकळीक दिली आहे. जमत असेल त्याने हे जरूर करावं. मात्र आपल्याकडे पारायणाची सवय खोल रुजलेली आहे, त्यामुळे वाचून संपलं की काम झालं असं वाटतं. इथे काम आता कुठे सुरू होतंय.

*तपासा:* पुस्तक मिटा आणि पाराशात काय काय घडतं, ते क्रमाने कुणाला तरी सांगा. लेख-लेखा असेल तर निघणं, दुष्काळ आणि मिस्रायिम (इजिप्त), लोटची वाटणी, राजांची लढाई, तुकड्यांमधला करार, हागार, आणि शेवटी सुंता. मधलं काही गळलं, तर तेवढंच परत वाचा. जे विसरलं जातं, तिथेच पुष्कळदा खडा असतो.

४. सोमवार-मंगळवार: खडे वेचा

आता सावकाश वाचा, तांदूळ निवडतात तसं. वहीत फक्त प्रश्न लिहायचे, उत्तर एकही नाही. नेमकं बघायचं काय, हे न कळल्यामुळे बरेच जण इथे अडकतात. म्हणून लेख-लेखाच्या तोंडाशीच बसून बघू.

पहिलीच ओवी. देव अब्रामला, पुढे ज्याचं नाव अब्राहाम होतं त्याला, म्हणतो, "लेख लेखा". "लेख" म्हणजे जा. मग "लेखा" कशाला? शब्दशः तो "तुला, तुझ्यासाठी" असा होतो. भाषांतरांत बहुतेक वेळा तो नाहीसाच होतो. एक खडा.

पुढे: "तुझ्या देशातून, तुझ्या गोतातून, तुझ्या बापाच्या घरातून." घर सोडणारा माणूस आधी उंबरा ओलांडतो, मग गाव सोडतो, देश सगळ्यांत शेवटी. इथे क्रम बरोबर उलटा आहे. दुसरा खडा.

आता मागच्या आठवड्याच्या शेवटच्या ओव्या बघा. उत्पत्ती ११:३१. अब्रामचा बाप तेराह मुलाला, सुनेला आणि नातू लोटला घेऊन उर कास्दीमहून निघाला होता. कुठे जायला? कनानलाच. हारानपर्यंत आले आणि तिथेच राहिले. म्हणजे अब्राम ज्या वाटेने निघतो, ती वाट बापाने आधीच धरली होती आणि अर्ध्यावर सोडली होती. शिवाय देश तर आधीच सुटला आहे, मग "तुझ्या देशातून नीघ" हे हारानमध्ये कसं? तिसरा खडा, आणि पाराशाच्या पहिल्या ओवीपासून वाचणाऱ्याला तो कधीच लागत नाही.

चौथा आकड्यांचा आहे. तेराह ७० वर्षांचा असताना अब्राम आणि त्याच्या भावंडांचा जन्म सांगितला आहे. अब्राम हारानमधून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा. म्हणजे तेराह १४५ वर्षांचा झाला. पण तेराह २०५ वर्षं जगला. मुलगा निघून गेल्यावर बाप आणखी साठ वर्षं हारानमध्ये होता. तरी तोरा त्याचा मृत्यू आधी सांगून टाकते आणि मग मुलाचं निघणं सांगते.

मोजक्या ओव्यांत चार खडे. असंच बघायचं: भाषांतराने गिळलेला शब्द, उलटा क्रम, न जुळणारा आकडा, दोनदा आलेलं वाक्य, मध्येच बदललेलं नाव, जिने बोलायला हवं होतं तिचं मौन. अब्रामची बायको साराय मिस्रायिमला जाताना आणि तिथे असताना एक शब्दही बोलत नाही, हे एका चौदा वर्षांच्या मुलीने आमच्या लक्षात आणून दिलं. आम्ही मोठे ते कितीतरी वर्षं वाचत आलो होतो.

आठवड्याला पाच-सहा खडे पुरे. पुढे न्यायचा एकच. निवडताना छान कोणता ते बघू नका, डोक्यातून जात नाही तो घ्या.

५. बुधवार: खडा मजकुरातला आहे की भाषांतरातला?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग सगळी इमारत चुकीच्या शब्दावर उभी राहते. सोपा उपाय म्हणजे तीच ओवी दोन भाषांतरांत बघायची आणि मग हिब्रू शब्दावर बोट ठेवायचं.

ठळक उदाहरण तझ्रिया आणि मेत्सोरा या पाराशांचं आहे. मराठी बायबलमध्ये इथे "महारोग" किंवा "कुष्ठरोग" असे शब्द आलेत. हिब्रू शब्द आहे त्साराअत. हे त्साराअत कापडावर येतं, चामड्यावर येतं, घराच्या भिंतीवरही येतं. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. शिवाय लेवीय १३:१३ मध्ये म्हटलंय, की ते सगळ्या अंगभर पसरून अंग पांढरं झालं तर माणूस शुद्ध. तेव्हा दवाखान्यातला आजार डोळ्यांपुढे ठेवून हा पाराशा वाचला, तर पहिल्या ओवीपासून वाट चुकते. आजारी माणसांबद्दल मनात नको ते बसतं, ते वेगळंच.

"लेखा"लाही ही कसोटी लावून बघा. हिब्रूत क्रियापदापुढे असा शब्द नुसत्या बोलण्याच्या लकबीनेही येतो. आपण "तू आपला नीघ" म्हणतो, त्यातल्या "आपला"चं शब्दशः भाषांतर करून दाखवा बघू! तसंच काहीसं. म्हणजे "लेखा"त खोल अर्थ असेलच अशी सक्ती नाही, हे आधी मान्य करायचं. तरीही हेच शब्द पुन्हा उत्पत्ती २२:२ मध्ये येतात, इत्सहाकला घेऊन मोरियाच्या प्रदेशात जायला सांगताना, आणि तोराभर अब्राहामला या दोनच वेळी असं सांगितलं आहे. त्यामुळे हा खडा टिकतो. मुलगा बापाला सोडून निघतो तेव्हा एकदा, आणि बाप मुलाला घेऊन निघतो तेव्हा दुसऱ्यांदा.

*तपासा:* ताल्मुद या जुन्या ग्रंथातलं एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ओवी आपल्या सरळ अर्थाबाहेर जात नाही. तुमचा खडा सरळ अर्थ कळल्यावरही उरतो का? उरत नसेल, तर वहीतला दुसरा घ्या. वाईट वाटायचं कारण नाही, निम्मे खडे इथेच गळतात.

६. गुरुवार: आता भाष्यकार उघडा

आता, त्याआधी नाही. राशी आधी वाचला की प्रश्न पडायच्या आत उत्तर मिळतं, आणि प्रश्नाशिवाय मिळालेलं उत्तर दोन दिवसांत विसरतं. तुमचा खडा आधी लागलेला असेल, तर राशी वाचताना एक वेगळीच ओळख पटते: अरे, हा माणूसही इथेच थांबला होता. तोरा शिकवणाऱ्या येशिवातले शिक्षक विद्यार्थ्याला विचारतात, "राशीला इथे काय बोचलं?" तोच प्रश्न तुम्हीही करा.

आपले खडे घेऊन जाऊ. "लेखा"वर राशी म्हणतो, तुझ्या सुखासाठी आणि तुझ्या भल्यासाठी. देश आधीच सुटला होता, यावर तो म्हणतो, आणखी लांब जा आणि बापाच्या घरातूनही नीघ. इब्न एझ्रा वेगळं सांगतो: ही आज्ञा उरमध्ये असतानाच झाली होती. तेराहच्या आकड्यांवर राशी सरळ बोट ठेवतो. मृत्यू आधी का सांगितला? "अब्रामने म्हाताऱ्या बापाला टाकलं, त्याचा मान राखला नाही" असं लोकांनी म्हणू नये म्हणून. शिवाय दुष्ट माणूस जिवंतपणीही मेलेलाच म्हणतात, असंही तो पुढे जोडतो.

दोन भाष्यकार पुरेत. ते एकमेकांशी भांडत असतील तर उत्तम. आणि भाष्यकार पूर्वजांची नुसती भलामण करतात अशी समजूत असेल, तर १२:१० वरचा राम्बान वाचा. दुष्काळात देश सोडून मिस्रायिमला जाणं आणि बायकोला बहीण म्हणवून संकटात घालणं, यात अब्रामच्या हातून नकळत का होईना, मोठं पाप घडलं, असं तो स्वच्छ लिहितो. ते वाचल्यावर आपल्यालाही प्रामाणिक प्रश्न विचारायचा धीर येतो.

*सावध:* सोद (गूढार्थ), अक्षरांची बेरीज यांकडे पहिल्या वर्षी वळू नका. सरळ अर्थ पक्का नसताना त्यातून हवं ते काढता येतं, आणि म्हणूनच ते तुम्हाला काही शिकवत नाही.

७. गुरुवार रात्र: आता स्वतःला विचारा

इथे आलो. प्रश्न मोघम ठेवू नका. "यातून मी काय शिकू?" म्हणून विचारलं, तर "श्रद्धा ठेवावी", "धीर धरावा" असली उत्तरं येतात, आणि ती कुठल्याही पाराशाला चालतात. कुठेही चालणारं उत्तर या पाराशातून आलेलं नसतं. म्हणून प्रश्न खड्याच्याच शब्दांत विचारा. मी ही वाट पहिल्यांदा चालतोय की कुणी अर्ध्यावर सोडलेली? माझ्या गोष्टीत कुणाचा मृत्यू मी वेळेआधीच सांगून टाकलाय?

हा दुसरा प्रश्न माझा आहे. तो कसा आला, ते सांगतो.

रेवदंड्याचं घर सोडून मी ठाण्याला आलो, त्याला वीस वर्षं झाली. वडील तिथेच राहिले. कित्येक वर्षं लेख-लेखा माझा आवडता पाराशा होता. देवाने सांगितलं, नीघ, आणि तो निघाला. मीही निघालो होतो. दरवर्षी मी तो वाचायचो आणि मला बरं वाटायचं. मग एका वर्षी वहीत ते आकडे मांडले: २०५ मधून १४५ गेले, उरले ६०. पेन्सिलीने केलेली वजाबाकी. त्या साठ वर्षांत हारानमध्ये तेराह सकाळी उठून काय करत असेल, असं मनात आलं आणि पुढे वाचवेना. राशीचं उत्तर मला ठाऊक होतं, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून मृत्यू आधी सांगितला. पण तोराने आकडा पुसलेला नाही. ज्याला वजाबाकी करायची असेल, त्याच्यासाठी तो तिथेच ठेवला आहे. मी मात्र बोलताना वडिलांबद्दल "बाबा असे होते", "बाबा हे करायचे" असं म्हणायला लागलो होतो. ते रेवदंड्याला वाडीत पाणी लावत होते, आणि मी भूतकाळात बोलत होतो.

त्या आठवड्यात मी लिहिलं: पंधरा दिवसांतून एक रविवार रेवदंडा, आणि तिथे गेल्यावर त्यांना काही समजवायचं नाही, त्यांच्याकडून ऐकायचं. वडील त्यानंतर चार वर्षं होते.

निघणं चूक होतं असा अर्थ मी काढला नाही. पाराशाही तसं म्हणत नाही. अब्रामचं निघणं बरोबर आणि तेराहची साठ वर्षंही खरी, ही दोन्ही एकाच पानावर आहेत. एक पुसून दुसरं ठेवलं, की अर्थ सोपा होतो आणि बहुतेक वेळा खोटा होतो.

*तीन कसोट्या.* एक: हा अर्थ कुठल्या ओवीवर उभा आहे, ते बोट ठेवून दाखवता येतं का? दोन: तो तुम्हाला थोडा तरी अवघड जातो का? नुसती शाबासकी मिळत असेल, तर परत चौथ्या पायरीवर जा. तीन: तो तुमच्याबद्दल आहे ना? "हे आमच्या जावेने वाचायला हवं" असं वाटलं, की समजा वाचन भरकटलं.

लेवीयातला कोरडा आठवडा कसा काढायचा

उत्पत्ती आणि निर्गमपर्यंत सगळे उत्साहात असतात. लेवीय लागलं, रक्त, चरबी आणि चट्टे आले, की गट ओस पडतो. अशा वेळी लोक कायदा सोडून एखादं रूपक धरतात, "चट्टा म्हणजे मनाचा मळ" वगैरे. घाई करू नका. कायद्यातही खडे असतात, आणि ते बारीक तपशिलात असतात.

मेत्सोरातल्या घराचंच बघा, लेवीय १४:३५. भिंतीवर हिरवट-लालसर खळगे दिसले की घरमालकाने कोहेनकडे, म्हणजे पुरोहिताकडे, जाऊन म्हणायचं, "मला घरात चट्ट्यासारखं काही दिसतंय." "चट्टा आहे" असं नाही. राशी सांगतो, शिकलेला माणूस असला, त्याला खात्री असली, तरी त्याने "सारखं" म्हणूनच बोलायचं. निवाडा कोहेनचा. पुढच्याच ओवीत कोहेन आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामं करायला सांगतो, नाहीतर आतलं सगळं अशुद्ध ठरेल. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात यावर विचारलंय, वाचवायचं तरी काय होतं? कपडे, लाकडी आणि धातूची भांडी पाण्यात बुडवून शुद्ध होतात. अशुद्ध झालं की फोडावंच लागतं ते फक्त मातीचं भांडं. म्हणजे तोराने एवढी काळजी केली ती कुणाच्या तरी मडक्यांची.

आमच्या गटात एक शाळेतल्या बाई आहेत. त्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मी आता वहीत लाल शेरा मारायच्या आधी मुलाला बाजूला बोलावते. त्याला त्याची मडकी बाहेर काढायला वेळ देते." रूपक नाही, उपदेश नाही. कायद्याचा क्रम जसाच्या तसा आपल्या कामात आणला: आधी घर रिकामं, मग तपासणी. कोरड्या पाराशात याच वाटेने जा. कायद्यात कोण कुणाची, कधी, कशी काळजी घेतं, ते बघा.

८. शुक्रवार: चार ओळी, सूर्यास्ताच्या आधी

पहिल्या ओळीत ओवी आणि तिचा आकडा. दुसऱ्या ओळीत खडा, प्रश्नाच्या रूपात. तिसऱ्या ओळीत तुम्हाला काय दिसलं. चौथीत येत्या आठवड्यात करायची एक गोष्ट, दिवस आणि माणूस यांसह. "आईशी प्रेमाने वागेन" हे नको. "मंगळवारी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे" हे हवं. चौथी ओळ सुचत नसेल तर ती रिकामी सोडा. ओढूनताणून लिहिलेलं पुढच्या वर्षी वाचताना लगेच ओळखू येतं.

मग एका माणसाला दाखवा. मिश्नात चट्ट्यांबद्दल नियम आहे: कोहेन कुणाचेही चट्टे बघू शकतो, स्वतःचे सोडून. रब्बी मेइर म्हणतात, नातेवाइकांचेही नाही. नियम कायद्याचा आहे, पण मी तो इथे पाळतो. माझी वही मी बायकोला नंतर दाखवतो, आधी गटातल्या एका मित्राला. घरचं माणूस एकतर फार सांभाळून घेतं, नाहीतर अजिबात सांभाळून घेत नाही.

९. शब्बाथ: ऐका, आणि थोडंच बोला

सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) उघडला जातो आणि पाराशा सात अलियांत, म्हणजे सात भागांत, वाचला जातो. तुमची ओवी कुठल्या अलियात आहे, ते आधीच बघून ठेवा आणि तिथे कान द्या. आठवडाभर जिच्याशी झटलो, ती ओवी दुसऱ्याच्या आवाजात, सुरावर, दोन-तीन सेकंदांत निघून जाते. पुष्कळदा तेव्हा एखादा नवाच शब्द कानात राहतो. जिथे प्रार्थनेला लागणारा दहा जणांचा मिन्यान जमत नाही, आणि कोकणातल्या आपल्या बऱ्याच गावांत आता तो जमत नाही, तिथे घरीच मोठ्याने वाचा. मात्र एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, मनुकांचं शरबत झालं, जेवण वाढलं, की बोलायला हरकत नाही. आधी प्रश्न टाका, तुमचा अर्थ सांगू नका. "तेराह मागे राहिल्यावर किती वर्षं जगला, सांगा बघू?" मुलं बोटांवर मोजायला लागतात. त्यांचं बोलून होऊ द्या. पाच मिनिटांत आटोपा. वहीतली चौथी ओळ टेबलावर वाचायची नाही, ती तुमची आहे.

दुपारी मिन्हाच्या प्रार्थनेला पुढच्या पाराशाचा पहिला भाग वाचला जातो, सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तोच. त्याआधी पुस्तकातली खूण पुढे सरकवा, पण सहा-सात ओव्या अलीकडेच ठेवा.